वेलवाडीची रागावलेली पानपरी

ऐका बाळांनो, मांडी घालून नीट बसा. शेजारी कोणी मोठं माणूस असेल तर त्यालाही सांगा, हातातलं काम बाजूला ठेव आणि कान इकडे कर. ही गोष्ट सांगताना मला मधूनमधून राग येणार आहे. तो तुमच्यावर नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

डोंगराच्या पायथ्याशी, झुळझुळणाऱ्या ओढ्याच्या काठी वेलवाडी नावाचं गाव होतं. गाव कसलं, चिमुकली वाडीच. पण तिच्याभोवती पानमळे असे की बघत राहावं. शेवग्याची, पांगाऱ्याची, हादग्याची सडपातळ झाडं ओळीनं उभी, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर चढलेल्या विड्याच्या पानांच्या वेली. पोपटी शेंडे, हिरवीगार पानं, पानांवर दवाचे टपोरे मणी. वरून सोनेरी ऊन पडायचं, पण जमिनीवर पोचेपर्यंत तेही हिरवं होऊन जायचं.

वाडीच्या टोकाला भिवाचं कुडाच्या भिंतींचं घर होतं आणि घरामागे त्याचा इवलासा मळा. भिवाची बायको अनुसया, दहा-अकरा वर्षांची थोरली मुलगी बकुळा आणि सहा वर्षांचा धाकटा महादू. भाकरी असली तर कोरड्यास नसायचं, कोरड्यास असलं तर भाकरी बेताचीच. बकुळाच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं ते शोधावं लागे. पण गरिबीनं बकुळा कधी रडली नव्हती. तिच्या रडण्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते सांगायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वेलवाडीत वेलींचे लाड फार. मळ्यात पाऊल टाकायचं तर वहाणा बाहेर काढायच्या, देवळाबाहेर काढतात तशा. आत मोठ्यानं बोलायचं नाही. वेल झाडाला बांधायची ती केळीच्या सोपटानं, आणि ते सोपटही आधी पाण्यात भिजवून मऊ करायचं, कोवळ्या वेलीला काचू नये म्हणून. भिवा तर सकाळी मळ्यात गेला की एकेका शेंड्याला बोटानं कुरवाळायचा.

"उठली का माझी राणी? किती गं वाढलीस. अशीच चढ, हळूहळू चढ. मी हाय खाली."

ऐकणाऱ्याला वाटावं, काय मायाळू माणूस आहे. आणि हाच मायाळू माणूस वहाणा पायात घालून घरी आला की दारातूनच सुरू व्हायचा.

"बकुळे, अजून सडा न्हाई घातला? महाद्या, खुळ्यागत वाटेत काय बसलायस? त्या शेजारच्या धोंडूचा शिरपा बघ. त्याच्या नखाची सर न्हाई तुला."

तुम्ही म्हणाल, हा भिवा दुष्टच दिसतो. तसं नव्हतं. सगळी वेलवाडीच अशी वागायची. तिथं एक समजूत होती, कोणी घातली कोणास ठाऊक, की आईबापानं आपल्या मुलाचं कौतुक तोंडानं बोलून दाखवलं की मुलाला त्यांचीच दृष्ट लागते. शिवाय मूल शेफारतं, डोक्यावर बसतं. म्हणून कौतुक करायचं ते शेजाऱ्याच्या मुलाचं, आणि आपल्या मुलाच्या वाट्याला फक्त "त्याच्याकडे बघ". वेलीशी गोड बोलल्यानं वेल शेफारत नाही, मग लेकरूच कसं शेफारतं, हे विचारायचं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

आता महादूचं ऐका. महादू होता गोरागोमटा, नाकाचा नकटा आणि शीळ घालण्यात पटाईत. त्यानं शीळ घातली की हादग्यावरचा बुलबुल उलट शीळ घालायचा, आणि मग दोघांची जी जुगलबंदी चालायची ती अनुसया चूल फुंकता फुंकता चोरून ऐकायची. चोरून हं. "छान वाजवतोस रे" एवढं म्हणायला तिची जीभ शिवशिवायची, पण दृष्टीच्या भीतीनं ती ओठ दाबून धरायची.

एके दिवशी महादूनं आपल्या हातानं एक वेल बांधली. सोपट भिजवलं, टाचा उंच करून पांगाऱ्याभोवती फिरवलं, गाठ मारली. धावत जाऊन बापाला, आबाला, हात धरून घेऊन आला. त्याचे डोळे नुसते चमचमत होते. भिवानं गाठीकडे पाहिलं, दोन बोटांत धरून ती सोडली आणि म्हणाला, "ह्याला गाठ म्हणत्यात व्हय? शिरपा बघ कशी बांधतो. तुला जन्मात एक काम धड जमायचं न्हाई."

महादू काही बोलला नाही. त्या संध्याकाळीही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बुलबुलानं शीळ घातली, पुन्हा घातली, वाट पाहिली आणि उडून गेला. महादूचं बोलणं थांबलं ते थांबलंच. जेवण निम्म्यावर आलं. खेळणं गेलं. तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला.

मग घरात काय झालं असेल? कोणी जवळ घेतलं असेल, असं वाटतं ना? नाव नको. "दातखीळ बसली का? आता मुकाबी झालास व्हय? शिरपा कसा पोपटावानी बोलतो." वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी घसा पाहिला, नाडी पाहिली, काढा दिला आणि जाताना अनुसयेला हळूच म्हणाले, "घशाला काही झालेलं नाही बाई. पोरगं आतून मिटत चाललंय. असंच राहिलं तर पुढं उघडायचं नाही." अनुसया पदराआड रडली. काढा मात्र नेमानं पाजला, कारण काढा पाजायला बोलावं लागत नाही.

बकुळा भावाच्या जवळ जाऊन बसायची, त्याच्या हातात हात घालायची, त्याला गोष्टी सांगायची. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकायचा, पण ओठ काही उघडायचा नाही. बहिणीची माया खरीच, पण त्याला ज्याच्या तोंडचं ऐकायचं होतं ते तोंड दुसरंच होतं.

एका सकाळी आईनं बकुळाला ताक आणायला शेजारी धाडलं. धोंडूकाकांच्या दारात पोचते तोच आतून आवाज आला.

"शिरप्या, गधड्या, त्या भिवाचा महादू बघ. कसा गुणी, कसा शांत. आणि ती बकुळा, वाघीण हाय पोरगी, सगळं घर सांभाळती. न्हाईतर तू."

बकुळा जागच्या जागी थिजली. उंबऱ्याआड शिरपा बसला होता, गुडघ्यांत मान घालून, अगदी महादू बसतो तसा. म्हणजे महादूचं कौतुक या घरात सांडत होतं आणि शिरपाचं त्या घरात. ज्याला हवं त्याच्या कानावर एक थेंब पडत नव्हता. बकुळाच्या कानशिलात गरम झालं. ताकाचं भांडं तिथंच ठेवून ती जी पळत सुटली ती थेट मळ्यात जाऊन थांबली. वहाणा नव्हत्याच, त्यामुळे काढायचा प्रश्न नव्हता.

ती पांगाऱ्याला टेकून रडू लागली. असं रडणं तुम्ही पाहिलं असेल, मुठी आवळून, दात आवळून, रागाचं. आणि रडता रडता तिला कोणाचा तरी इवलासा, चिरका आवाज ऐकू आला.

"अगं ए मुली, रडायचं ते नंतर रड. आधी मला सोडव."

बकुळानं डोळे पुसले. पांगाऱ्याच्या खोडावर, सोपटाच्या गाठीखाली, काहीतरी लुकलुकत होतं. करंगळीएवढी एक परी! कोवळ्या पोपटी पानाचा झगा, केसांत हादग्याच्या फुलाचं पांढरंशुभ्र केसर, नाकात दवाच्या थेंबाची नथ. तिचे पंख उन्हात निळे, जांभळे, सोनेरी होत होते, पण एक पंख गाठीखाली चेंगरला होता. भिवानं घाईघाईत करकचून मारलेली गाठ होती ती.

आबानं बांधलेली गाठ सोडली तर पाठीत धपाटा ठरलेला. बकुळाला ते माहीत होतं. तिनं गाठ सोडली. नखानं हलकेच सोपट उचललं, पंख मोकळा केला, त्यावर फुंकर घातली आणि मग वेल पुन्हा बांधली, सैलसर, पडणार नाही अशी.

परीनं पंख फडफडवले. चांदण्यांचा बारीक भुगा हवेत उडाला आणि सगळा वाफा चमचमला.

"मी पानपरी," ती म्हणाली. "या मळ्यांची. तू मला सोडवलंस, तर तुला एक वर मिळेल. पण माझ्या वराला अटी आहेत, आणि त्यांत घासाघीस चालत नाही. एक, स्वतःसाठी मागायचं नाही."

"मला माझ्यासाठी काईच नको," बकुळा पटकन म्हणाली.

"ऐकून घे. दुसरी अट अवघड आहे. जे माणूस माणसाला देऊ शकतो, ते माझ्याकडे मागायचं नाही. मी ते देत नाही."

बकुळाला ती अट फारशी कळली नाही. तिला फक्त एकच गोष्ट हवी होती, ती तिनं मागून टाकली. "माझ्या महादूला बोलायला लाव. त्याला पहिल्यासारखा कर."

"त्याच्या घशाला काही झालंय?"

"न्हाई."

"मग त्याला काय हवंय?"

बकुळानं विचार केला. "आबानं त्याच्याशी गोड बोलावं. आबाला गोड बोलायला लाव."

तशी पानपरी तापली. तिचा पोपटी उजेड आधी केशरी झाला, मग लालभडक, आणि तिच्या पंखांतून तडतड ठिणग्या उडाल्या.

"तुझ्या आबाला तोंड नाही? जीभ नाही? कंटाळले गं मी. मोठी माणसं इथं येतात, वेलीला हात जोडतात आणि नवस बोलतात. माझी मुलगी हसत नाही, तिला हसव. माझा मुलगा घाबरतो, त्याची भीती घालव. अरे, ज्या मुलाला तू नुसतं जवळ घेतलंस तर त्याची भीती पळून जाईल, त्याच्यासाठी तू माझ्याकडे येतोस? स्वतःच्या घरात रांजण भरलेला, आणि लेकराला पाणी पाजायला परीला बोलावता? नाही देणार. कधीच नाही देणार."

परी दमून पानावर टेकली. बकुळा तिच्याकडे बघत राहिली. आपल्यासारखाच कोणालातरी राग येतो, हे पाहून तिला बरं वाटलं. खरं सांगू का, वर मिळण्याआधीच तिचं अर्धं दुःख हलकं झालं होतं.

"मग मी वेगळं मागते," बकुळा सावकाश म्हणाली. "आबाला वेलींचं सगळं कळतं. पान जरा पिवळं पडलं तरी त्याला दिसतं. महादू एवढा वाळला, ते दिसत न्हाई. तर असं कर. वेलवाडीतल्या लेकरांना जे बोललं जाईल, ते वेलींना लागू दे. हे तर माणसाला करता येत न्हाई ना?"

परीचा लाल रंग उतरला. तिनं मान वाकडी करून या ठिगळांच्या परकरातल्या मुलीकडे पाहिलं. "वेलींचा काय दोष?"

"काई न्हाई. पण महादूचा तरी काय होता?"

परी पानावरून उठली. मग म्हणाली, "वेल मरणार नाही. नुसती दाखवेल. आणि एक ध्यानात ठेव, वेलीला खोटं चालत नाही." तिनं नथीला बोट लावलं. दवाचा थेंब फुटला, त्यातून हिरवा, पिवळा, रुपेरी उजेड पसरला आणि एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर उड्या मारत सगळ्या मळ्यांतून फिरून आला.

थोड्याच वेळानं भिवा मळ्यात शिरला. मागून अनुसया पान खुडायची करंडी घेऊन, आणि तिचा पदर धरून मुका महादू. भिवा नेहमीसारखा पहिल्या शेंड्याला कुरवाळणार, तोच महादूचा पाय पाण्याच्या पाटात पडला आणि पाणी उडालं.

"आंधळा हायस का रं?" भिवा खेकसला.

त्याच्या बोटाखालचा शेंडा काळवंडला आणि मान टाकून लोंबायला लागला.

भिवानं डोळे चोळले. "रोग पडला. अनुसये, मळ्यावर रोग पडला." तो खाली बसला, मुळं चाचपली, माती हुंगली, पाटाचं पाणी चाखलं. सगळं जिथल्या तिथं होतं. "बाजूला हो खुळ्या, मधी मधी करतोस," तो महादूला म्हणाला, आणि अख्खी ओळच्या ओळ सळसळत खाली बसली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून धोंडूकाकांची हाक आली. "भिवा, माझा मळा बसला रं. समद्या वेली गेल्या."

"काका," बकुळा इकडून ओरडली, "शिरपाला आत्ता काय बोलला होता?"

कुंपणावर आलेलं धोंडूकाकांचं मुंडासं झपकन खाली गेलं.

भिवा वळला. "काय म्हणलीस तू?"

तेव्हा बकुळानं सगळं सांगितलं. परी, वर, अट, सगळं. पानपरी हादग्याच्या फांदीवर पाय हलवत बसली होती, पण ती फक्त बकुळालाच दिसत होती.

"काय बी बडबडती येडी कार्टी," भिवा म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर टेकलेली वेल भसकन गळून त्याच्या पायाशी आली.

आता मात्र भिवाच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षाचं पोट त्या मळ्यावर होतं. तो घाईघाईनं महादूकडे वळला आणि सावकाराशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "बरं बरं. शाणा हाय आमचा महादू. लई शाणा. वाघ हाय, राजा हाय. झालं?"

एक पान हललं नाही. महादूनं तर वर पाहिलंच नाही.

"खोटं," फांदीवरून परी पुटपुटली. बकुळानं तेच मोठ्यानं सांगितलं. "खोटं चालत न्हाई, आबा. खरं काय ते बोल."

भिवा आठवू लागला. कोणती वेल कधी लावली, कोणत्या वेलीला ऊन सोसतं, कोणत्या वेलीला सोसत नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. आणि आपल्या पोटच्या पोराबद्दल सांगण्यासारखी एक खरी गोष्ट त्याला सापडेना. सहा वर्षं तो मुलगा त्याच्या घरात जेवत होता, झोपत होता. बाळांनो, मला हे सांगताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

"आई, तू बोल," बकुळा म्हणाली. "तुला माहीत हाय. तू चोरून ऐकायचीस त्याची शीळ."

अनुसयेनं करंडी छातीशी धरली. "लेकराला माझी नजर लागंल गं. त्याला काई झालं म्हंजी?"

"आणि आता काय झालंय त्याला?" बकुळाचा आवाज चढला. मळ्यात मोठ्यानं बोलायचं नाही, हा नियम वेलवाडीत आजवर कोणी मोडला नव्हता. "जेवत न्हाई. बोलत न्हाई. भिंतीकडं तोंड करून बसतो. आणखी काय व्हायचं राहिलंय, ते तरी सांगा. वेलीच्या अंगाला सोपट टोचंल म्हणून ते भिजवता. आणि आम्हाला जे बोलता ते कधी भिजवलंत का? आम्हाला काचत न्हाई?"

करंडी अनुसयेच्या हातून सुटली. ती चिखलात गुडघे टेकून बसली, महादूला ओढून जवळ घेतलं, आणि मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडू लागलं. "तुझी शीळ ऐकल्याबिगर माझी भाकरी गोल येत न्हाई रं सोन्या. तू मुंग्यांची रांग मोडू नये म्हणून वळसा घालून जातोस, मी बघितलंय. मला ताप आला तवा तू उशाशी बसून पदराचं टोक धरलं व्हतंस, सोडलं न्हाईस. मी जागी व्हते. मला समदं ठावं हाय."

ती बोलत गेली आणि एकेक वेल मान उचलत गेली. काळेपणा विरघळला, पोपटी रंग परत चढला, पानापानांवर पुन्हा मोती लकाकले. महादूच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. तो आईच्या गळ्याला घट्ट बिलगला. पण बोलला नाही.

एक ओळ अजून तशीच मलूल होती. भिवाच्या पायाशी पडलेली.

भिवा बांधावर जाऊन बसला. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो नुसता बघत राहिला. ऊन वर चढलं. मळ्यातला गारवा कमी झाला. महादू आईच्या कुशीतून सुटून हळूहळू त्या पडलेल्या ओळीकडे गेला आणि एका जागी उभा राहिला. भिवाच्या ओठांवर सवयीनं आलंच, वाटेत काय उभा राहिलास. त्यानं ते गिळलं. ते गिळताना त्याला किती जड गेलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

महादू थोडासा सरकला. मग काही वेळानं आणखी थोडा. हा पोरगा करतोय काय, म्हणून भिवा पुढं वाकून बघू लागला. खोटं कशाला सांगू, आयुष्यात पहिल्यांदाच तो त्याच्याकडे नीट बघत होता. ऊन आलं होतं ते नेमकं त्या मान टाकलेल्या शेंड्यावर. आणि महादू आपल्या अंगाची सावली त्या शेंड्यावर धरून उभा होता. ऊन सरकलं की तोही सरकत होता. त्याचा स्वतःचा चेहरा घामानं डबडबला होता.

भिवा उठला. दोन्ही हातांनी मुंडासं काढलं आणि ते तसंच हातात धरून मुलाजवळ गेला.

"महादू," तो म्हणाला. "तू मघापासनं ह्याच्यावर सावली धरून उभा हायस."

महादूनं मान हलवली.

"मी एवढा पानमळेवाला. मला न्हाई सुचलं हे. तुला सुचलं." भिवा थांबला. पुढचं शोधायला त्याला वेळ लागला, कारण हे सगळं तो पहिल्यांदाच करत होता. "माझ्या बोलण्यानं पडलेली वेल तू सांभाळतोयस. आणि त्या दिवशी तू गाठ मारलीस, ती मी सोडायला नको व्हती. ती वेल तू बांधलेली व्हती. माझं चुकलं, लेकरा."

पायाशी पडलेली वेल हलली. तिनं मान वर केली, पांगाऱ्याचं खोड चाचपलं आणि सळसळत वर चढू लागली, पोपटी, सोनेरी, तजेलदार. चढता चढता तिला नवी नाजूक पानं फुटत गेली, आणि मागोमाग सगळी ओळ उठली. पण भिवाचं तिकडं लक्षच नव्हतं. तो महादूच्या तोंडाकडे बघत होता.

महादूचे ओठ हलले. इतके दिवस बंद असलेला आवाज आधी नुसता खरखरला, आणि मग स्पष्ट उमटला.

"बकूला पण सांगा की. तिला कुणीच सांगत न्हाई."

भिवानं बकुळाकडे पाहिलं. ती वाफ्याच्या कडेला उभी होती, मुठी अजून आवळलेल्या, डोळे लाल, जगाशी भांडायला निघाल्यासारखी. आपल्यालाही काही हवं होतं, हे ती स्वतःच विसरून गेली होती. परीकडे स्वतःसाठी मागायचं नाही, ही अट तिनं एका झटक्यात मान्य केली होती, कारण घरातही तिनं कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

"बकू," भिवा म्हणाला, "मळ्यात आजवर माझ्यापुढं कोणी आवाज चढवला न्हाई. तू चढवलास. भावासाठी बापाशी भांडलीस. बरं केलंस पोरी. भांडली नसतीस तर मी असाच ऱ्हायलो असतो."

बकुळाच्या मुठी सुटल्या. ती बापाजवळ गेली आणि त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली, पण हे रडणं सकाळच्या रडण्यासारखं नव्हतं.

हादग्याच्या फांदीवर पानपरी उभी राहिली. आता तिचा रंग ना केशरी होता ना लाल. तिनं पंख पसरले, त्यांतून निळा, जांभळा, रुपेरी उजेड पाझरू लागला. "बकुळे," ती म्हणाली, "तुला काही द्यावं म्हणून थांबले होते. पण ज्याचं होतं त्यानंच दिलं. असंच हवं." तो उजेड पानापानांत शिरला, सगळा मळा एकदा लखलखला, आणि फांदीवर हादग्याचं एक पांढरं फूल तेवढं हलत राहिलं. कुंपणापलीकडून धोंडूकाका अडखळत अडखळत शिरपाला काहीतरी सांगत होते. त्यांना जमत नव्हतं, पण ते सांगत होते.

बाळांनो, तुमच्यासाठी गोष्ट इथं संपली. आणि जो कोणी मोठा माणूस ही वाचून दाखवत होता, त्याच्यासाठी संपलेली नाही. पुस्तक मिटा. ज्याला वाचून दाखवलंत तो शेजारीच बसलाय. आधी त्याच्याकडे नीट बघा, आणि जे खरं दिसेल ते त्याला सांगा. त्यासाठी परी येणार नाही.